आधी पडायला, मग मारायला: लहान मुलांचं मार्शल आर्ट्स शिक्षण

मुलाला कराटेला घालायचं, ज्युडोला की तायक्वांदोला, यावर पालक बराच खल करतात. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला फारसं वजन नाही. कराटेत हातांचं काम जास्त, तायक्वांदोत पायांचं, ज्युडोत पकडून पाडायचं, हे फरक खरेच आहेत. पण पहिली दोन वर्षं चांगला शिक्षक तिन्हीकडे जवळपास तेच शिकवतो: तोल सांभाळणं, नीट पडणं, समोरच्यापासूनच्या अंतराचा अंदाज घेणं आणि ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबणं. खरा फरक पडतो तो शिकवण्याच्या क्रमाने. दुखापती, सहा महिन्यांत आलेला कंटाळा, घरी धाकट्या भावंडावर आजमावल्या जाणाऱ्या लाथा, यांचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक वेळा मधली एखादी पायरी गाळलेली सापडते.

वाढतं हाड

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो. हाडाची लांबी वाढते ती तिथेच. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलग्यांमध्ये १५ ते १७ या वयात तो हाडात बदलून जातो. तोवर तो शेजारच्या अस्थिबंधांपेक्षा, म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, कमजोर असतो. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच झटक्याने मुलाची ही वाढीची जागा दुखावू शकते, आणि बाहेरून सूज दोन्हीकडे सारखीच दिसते. सांध्याजवळ हाडावर बोट दाबल्यावर नेमकं एकाच जागी दुखत असेल तर ‘मुरगळलंय, होईल बरं’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं, गरज पडली तर एक्स-रे काढून घ्यावा.

एवढ्या एका कारणाने बऱ्याच लोकप्रिय प्रथा मुलांसाठी बाद होतात. कडक जमिनीवर मुठींच्या गाठींवर पुशअप्स, फळ्या-कौलं फोडणं, घोट्याला वजनं बांधून किक मारणं, आणि स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून) बसलेल्या मुलाच्या खांद्यावर दुसऱ्याने भार देणं, यातलं काहीही वाढत्या वयात नको. हात ‘कडक’ होतात असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ज्या हाडांची घडण अजून पूर्ण व्हायची आहे त्यांच्यावर मार बसतो, दुसरं काही होत नाही. कोपर उलटं ताणणारे आणि गळा आवळणारे डाव ज्युडोत आहेत. लहान वयोगटांच्या स्पर्धांत त्यांच्यावर सहसा बंदी असते ती याच काळजीपोटी.

साधारण ९ ते १४ या वयात दोन जागा हमखास दुखतात: टाचेचा मागचा भाग, आणि गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावरचा उंचवटा. दुसऱ्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. पोटरीचा किंवा मांडीचा मोठा स्नायू ज्या जागी हाडाला धरलेला असतो, तिथे त्याची पुन्हापुन्हा ओढ बसून हे होतं. अनवाणी उड्या, कडक फरशी आणि रोजच्या शे-दोनशे किका यांचा हा हिशेब असतो. उपाय साधाच आहे: काही आठवडे उड्या आणि किक कमी करायच्या, हातांचं काम, काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका), तोलाचे व्यायाम चालू ठेवायचे. ‘दुखलं तरी चालू ठेव, मन कणखर होतं’ असं सांगणारा शिक्षक इथे मुलाचे महिने वाया घालवतो.

याच वयात आणखी एक गंमत होते. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात. मग काल डोक्यापर्यंत जाणारी किक आज कमरेच्या वर जात नाही, मूल स्वतःच्याच पायात अडखळतं. ढिलाई म्हणून मुलाला बोलणी बसतात, खरं तर सहा-आठ महिन्यांत शरीर आपोआप जुळतं. तोवर किकची उंची विसरून ती कशी जाते एवढंच बघावं.

पडणं: यावर वेळ घालवायलाच हवा

मूल पडतं तेव्हा हात आपोआप पुढे किंवा मागे टेकवतं. सरळ ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट मोडतं. पाच ते सात या वयात कोपराच्या जरा वरचं हाड मोडण्याचं प्रमाणही मोठं असतं. त्यात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेचे स्नायू कच्चे, म्हणून पाठीवर पडताना डोकं मागे झटकन आपटतं. या दोन्ही सवयी मोडून त्या जागी दुसऱ्या बसवणं म्हणजे पडण्याचं शिक्षण. ज्युडोत त्याला उकेमी म्हणतात. कराटे किंवा तायक्वांदोच्या क्लासात ते शिकवत नसतील तर तो दोष समजावा, कारण लाथ मारताना पाय घसरून पडणारी मुलं तिथेच जास्त असतात. शिवाय सायकलवरून किंवा मैदानात पडताना उपयोगी पडणारी सगळ्या प्रशिक्षणातली ही एकच गोष्ट आहे.

मागे पडणं असं चढत्या पायऱ्यांनी शिकवतात. पहिली पायरी पाठीवर निजूनच. हात छातीवर फुलीसारखे, हनुवटी छातीकडे, नजर बेल्टच्या गाठीवर. मग दोन्ही हात एकदम बाजूंना खाली आपटायचे, तळवे जमिनीकडे, कोपरापासून बोटांपर्यंतचा सगळा भाग एकाच वेळी टेकेल असे. हात आणि धड यांच्यामधला कोन ३० ते ४५ अंश. आपटताना तोंडाने श्वास सोडायचा. दुसऱ्या पायरीला पाय लांब करून बसायचं आणि पाठ गोल करून मागे लोळत तेच करायचं. तिसरीला उकिडवं बसून. चौथीला उभं राहून: एक पाऊल मागे, गुडघे वाकवून ढुंगण टाचेच्या शक्य तितक्या जवळ आणायचं आणि मग लोळायचं. पाचवीला चालता चालता, आणि सहावीला जोडीदाराने हलकेच ढकलल्यावर. आधीची पायरी सलग दहा वेळा डोकं न टेकवता जमल्याखेरीज पुढची द्यायची नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला चौथ्या पायरीपर्यंत यायला दोन-तीन महिने लागले तर ते योग्यच आहे.

हात आपटल्याने काय होतं? धक्का मोठ्या क्षेत्रावर पसरतो, शिवाय हातांना काम मिळाल्यामुळे ते मागे टेकायला जात नाहीत. मुलांच्या बाबतीत हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे.

चुका ठरलेल्या असतात. हनुवटी सुटते. त्यासाठी हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरायला लावावा. रुमाल पडला की मुलाला स्वतःलाच कळतं, ओरडावं लागत नाही. हात खांद्याच्या रेषेच्याही वर जाऊन आपटला तर खांदा दुखावतो, फार जवळ आपटला तर तो अंगाखाली सापडतो. कोपर आधी टेकलं तर झिणझिण्या येतात आणि मूल पुढच्या वेळी हात वापरायलाच घाबरतं. काही मुलं उभ्याने पडताना ढुंगण खाली न आणता काठीसारखी सरळ मागे जातात. त्यांना पुन्हा उकिडव्या पायरीवर आणावं, त्याला दुसरा इलाज नाही.

कुशीवर पडताना एक पाय दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. चढला तर घोटे किंवा गुडघे एकमेकांवर आपटतात. पुढची कोलांटी डोक्यावरून कधीच नाही, ती तिरकी जाते: हाताची करंगळीकडची कड, मग कोपराचा बाहेरचा भाग, खांदा, तिथून पाठीवर तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. सुरुवात एक गुडघा टेकून करावी. माथा मॅटला लागतोय असं दिसलं तर लगेच थांबवून पुन्हा गुडघ्यावर बसवावं, कारण इथली चूक मानेवर येते.

हे सगळं मॅटवर. पाडापाडीसाठी साधारण ४ सेंटिमीटर जाडीच्या दाट मॅट लागतात. नुसत्या पंच-किकसाठी २ ते २.५ सेंटिमीटर पुरतात. दोन मॅटमधली फट बुजलेली हवी, पायाची बोटं तिथेच अडकून मोडतात. फार मऊ गादीही वाईट, पाय त्यात रुततो आणि घोटा वळतो.

उभं राहणं, मूठ, लाथ

कराटेतला पुढचा स्टान्स, म्हणजे एक पाय पुढे टाकून उभं राहण्याची ढब, मोठ्यांसारखा लांब घ्यायला लावला की मुलाचा पुढचा गुडघा आत पडतो. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणि नडगी जवळपास उभी राहील इतकाच लांब स्टान्स पुरे. वर्षाला थोडा थोडा लांबवता येतो.

मूठ वळताना अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर. आत दाबला तर पहिल्याच पंचला मुरगळतो, करंगळीकडे बाहेर काढला तर कशाततरी अडकतो. मनगट सरळ, मार पहिल्या दोन गाठींचा. हवेत पंच मारताना कोपर शेवटपर्यंत ताणून ‘खट्’ करायची मुलांना भारी हौस. ते किंचित वाकलेलं असतानाच हात थांबला पाहिजे. हवेतल्या किकला गुडघ्याचंही तसंच. समोर अडवणारं काही नसतं, त्यामुळे सगळा झटका सांध्यालाच थांबवावा लागतो. पॅडवर मारलेल्या वीस किका हवेतल्या शंभरांपेक्षा सांध्यांना बऱ्या आणि शिकायलाही बऱ्या.

समोरची किक चार आकड्यांत शिकवावी: गुडघा वर, पाय सरळ, पाय परत, पाय खाली. तिसरा आकडा मुलं खातात. पाय परत न आणता तसाच खाली पडू दिला की तोल पुढे जातो आणि जोडीदाराच्या अंगावर पडणं ठरलेलं. बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं, नाहीतर अंगठा पॅडवर मुडपतो.

गोल फिरणाऱ्या किकमध्ये, म्हणजे कराटेच्या मावाशी-गेरीत किंवा तायक्वांदोच्या डोल्यो-चागीत, सगळे वरच्या पायाकडे बघतात. बघायचं असतं खालच्या पायाकडे. कंबर वळते तेव्हा उभ्या पायाचा चवडा फिरून टाच लक्ष्याच्या दिशेला आली पाहिजे. अनवाणी तळवा मॅटला चिकटून राहिला तर वळण सगळं गुडघ्यात जातं, आणि गुडघा वळायला बनलेलाच नाही. म्हणून भिंतीला हात लावून, किक न मारता, नुसती टाच उचलून फिरण्याचा सराव प्रत्येक पायावर दहा वेळा करून घ्यावा. कंटाळवाणा आहे, पण गुडघा त्यानेच वाचतो.

स्पर्श आणि फाइट

पाचव्या-सहाव्या वर्षी मुलांना फाइट हवी असते. द्यावी, खेळाच्या रूपात. समोरच्याच्या खांद्याला किंवा गुडघ्याला नुसतं बोट लावायचं, स्वतःला लागू द्यायचं नाही. किंवा कमरेला मागे खोचलेली पट्टी काढायची. यात अंतर, पायांची चाल, फसवणूक, सगळं येतं आणि कोणाला लागत नाही. पुढची पायरी ठरलेल्या हल्ल्याची: एकजण सांगून एकच पंच मारतो, दुसरा अडवून एकच उत्तर देतो, तेही अंगापासून चार बोटं दूर थांबवून. त्यानंतर फक्त धडावर, हलक्या स्पर्शाची मोकळी फाइट, एक-एक मिनिटाच्या दोन-तीन फेऱ्या. जोडीदारांच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त फरक नको. एकाच वयाच्या दोन मुलांत मात्र १५ किलोंचाही फरक सापडतो, म्हणून वयापेक्षा वजन आणि अनुभव बघून जोड्या लावायच्या. रडणाऱ्या मुलाला ‘उठ, काही झालं नाही’ म्हणून लगेच परत उभं करू नये. ज्याला भीती बसली तो पुढे डोळे मिटून हात फिरवतो आणि दुसऱ्यालाच लागतं.

डोक्याला स्पर्श हा वेगळा विषय आहे. हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं सुरक्षित, हा गैरसमज फार पसरलेला. हेडगार्डने खोक पडणं, कान आणि भुवई सुजणं कमी होतं. मेंदूला इजा होते ती तो कवटीच्या आत हलल्याने, आणि ते हलणं हेडगार्ड थांबवत नाही. उलट ते घातलं की मुलं जास्त बेधडक मारतात. तायक्वांदोच्या स्पर्धेत डोक्यावरच्या किकला छातीवरच्या किकपेक्षा जास्त गुण असतात, त्यामुळे स्पर्धेची तयारी करून घेणारे क्लास लहान वयातच डोक्याकडे वळतात. तो मोह टाळायला हवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली मार्शल आर्ट्समधल्या दुखापतींवर अहवाल काढला. स्पर्शाविना सराव तुलनेने सुरक्षित आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेली लढत) मुलांसाठी नको, असा त्याचा सूर होता. बॉक्सिंगबद्दल तर याच संघटनेने आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्येच विरोध नोंदवला होता.

डोक्याला मार लागल्यावर बेशुद्ध पडलं तरच गंभीर, असं नसतं. डोकं दुखणं, गोंधळणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, मळमळ, उजेड सहन न होणं, चालताना झोक जाणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी सराव बंद. ‘आता बरं वाटतंय’ असं मूल म्हणालं तरी बंदच. पुन्हापुन्हा उलटी, झटके, वाढतं डोकेदुखीचं प्रमाण, जागं करायला त्रास होईल इतकी झोप, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, ही लक्षणं असतील तर थेट रुग्णालय. पुढे एक-दोन दिवस आराम, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग जोडीदाराशिवायचा सराव, आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. लक्षण परत आलं तर एक टप्पा मागे. फाइट सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

माउथगार्ड सात ते बारा या वयात दर काही महिन्यांनी नव्याने बसवावं लागतं, कारण दुधाचे दात पडून नवे येत असतात. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं मिळतं, ते या वयाला पुरतं. मुलग्यांना ग्रोइन गार्ड (जांघेचं संरक्षण), दोघांनाही नडगीचं पॅड. आणि नखं! कापलेली नखं हे सगळ्यात स्वस्त संरक्षण, पण निम्मी मुलं ती न कापताच येतात.

तास कसा चालावा

चार ते सहा वर्षांच्या मुलांना ३० मिनिटं पुरतात, सात-आठ वर्षांच्यांना ४५, त्यापुढे एक तास. आठवड्यातून दोनदा पुरे, तीनदा उत्तम. रोज दीड तास हे दहा वर्षांच्या मुलासाठी प्रशिक्षण नव्हे. ४५ मिनिटांच्या तासाची वाटणी साधारण अशी बसते: ७ मिनिटं पळापळीचा वॉर्मअप, १० मिनिटं पडणं आणि लोळणं, १२ मिनिटं एकच एक तंत्र, १० मिनिटं त्याच तंत्राचा खेळ, उरलेला वेळ हलकं स्ट्रेचिंग आणि शांत बसणं. ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी, अंग तापल्यावर. थंड अंगाने सुरुवातीलाच स्प्लिट करायला लावणं चूक. चार ते सहाच्या गटात सात-आठ मुलांमागे एक शिक्षक हवा, मोठ्या गटात बारा-पंधरांमागे एक चालतो.

तासाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रांग. वीस मुलं एका रांगेत, समोर एक पॅड, प्रत्येकाला सहा सेकंद. फेरी दोन मिनिटांची झाली. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच किका येतात आणि नऊ मिनिटांहून जास्त वेळ उभं राहणं. तीच मुलं जोड्यांत, दहा पॅड घेऊन उभी केली तर पाच मिनिटं मारणं आणि पाच मिनिटं पॅड धरणं. पाच सेकंदांना एक किक धरली तरी साठ होतात. रांगेत उभी मुलं ढकलाढकली करतात, मग त्यांना शिक्षा होते आणि ‘मुलांना शिस्तच नाही’ असं म्हटलं जातं. दोष तासाच्या आखणीचा असतो. शिक्षा म्हणून पुशअप्स हीसुद्धा वाईट कल्पना. जो व्यायाम आवडीने करायचा, त्याचीच दहशत बसते.

बेल्टचं गणित

रंगीत बेल्ट फार पुरातन आहेत असं वाटतं, तसं नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली आणि वरच्या दर्जाच्या विद्यार्थ्यांसाठी काळा पट्टा आणला. पिवळा, केशरी, हिरवा असे रंग मिकिनोसुके कावाइशी यांनी १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवताना रूढ केले, कारण नवख्यांना डोळ्यांसमोर जवळची पायरी लागते. मुलांसाठी ही युक्ती खरोखर चालते. कराटेतले पिनान काताही असेच मुलांसाठी घडवलेले: जपानमधल्या ओकिनावा बेटाचे कराटे शिक्षक आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी विद्यार्थ्यांसाठी जुन्या अवघड कातांमधून पाच सोपे काता बांधले. आज हेइआन या नावानेही तेच शिकवले जातात.

युक्तीचा धंदा होतो तेव्हा पंचाईत. दोन परीक्षांत तीन-चार महिन्यांचं अंतर रास्त आहे. दर महिन्याला रंगावर पट्ट्या चिकटवून प्रत्येक पट्टीची फी लावली जात असेल, किंवा परीक्षेला बसलेलं एकही मूल कधीच नापास होत नसेल, तर तो रंग कशाचाच पुरावा नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या ‘ब्लॅक बेल्ट’बद्दल कोरियातल्या कुक्कीवॉनची, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयाची, रीत बोलकी आहे: पंधरा वर्षांखालच्यांना दान (ब्लॅक बेल्टची मोठ्यांची श्रेणी) ऐवजी पूम ही मुलांची श्रेणी देतात आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. ब्राझिलियन जिउजित्सूत, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीत, तर मुलांचे रंगच वेगळे, राखाडी, पिवळा, केशरी, हिरवा, आणि निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी नाही.

मारामारी शिकून मूल मारकुटं होतं का

हे शिकवण्यावर ठरतं, आणि याचा एक छोटा पण बोलका पुरावा आहे. १९८६ मध्ये मायकेल ट्रुल्सन यांनी १३ ते १७ वयाच्या, वागणुकीच्या तक्रारी असलेल्या तीसेक मुलांवरचा अभ्यास मांडला. एका गटाला पारंपरिक पद्धतीने, म्हणजे आदराच्या रीती आणि संयमाच्या शिकवणीसह तायक्वांदो दिलं. दुसऱ्याला नुसती लढाई. पहिल्या गटातली आक्रमकता घटली, दुसऱ्यातली वाढली. गट लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण किका त्याच होत्या, निकाल उलटे, हे लक्षात घेण्याजोगं आहे. नमस्कार, वाकणं, ‘थांब’ला थांबणं, जोडीदाराला लागलं तर विचारपूस, याला सजावट समजून कापणारे क्लास नेमका औषधाचाच भाग काढून टाकतात.

स्वसंरक्षणाबद्दल एक गोष्ट मुलाला आणि पालकाला स्पष्ट सांगायला हवी: तीस किलोचं मूल मोठ्या माणसाला लढून हरवू शकत नाही. त्याला शिकवायचं ते सुटणं, ओरडणं, पळणं आणि घरी सांगणं. मनगट धरलं तर हात सरळ मागे ओढू नये. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला वळवून, कोपर त्याच्याकडे नेत झटक्यात काढावा. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या, म्हणून ती तिथून सुटते. दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरून, एक पाऊल मागे घेऊन, मोठ्याने ‘मागे व्हा’ म्हणण्याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो. पुष्कळ मुलांना किक जमते, आवाज फुटत नाही. शाळेत चिडवणाऱ्याशीही आधी हेच, आणि सुटल्यावर थांबून परत एक ठेवून द्यायची नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा

पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच परत फिरा. शिक्षकाच्या स्वतःच्या पदकांपेक्षा दहा मिनिटं शेवटच्या रांगेतल्या ढिल्या मुलाकडे लक्ष द्या: त्याच्यापर्यंत कोणी जातं का, त्याला काय सांगतात. पाणी प्यायची सुट्टी मिळते का? लहान मुलांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. तहान लागली तरी पाणी नाही, ही शिस्त नव्हे. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि ती वापरता कोणाला येते, हे विचारा. शिक्षक मुलाला स्पर्श करून स्थिती सुधारतो तेव्हा आधी सांगतो का, बघा. बंद खोलीत एकट्या मुलासोबत ‘खास’ सराव, कपडे बदलण्याच्या खोलीत मोठ्यांची ये-जा, मुलाला पालकांना वगळून फोनवर निरोप, यातलं काहीही असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

स्पर्धेसाठी वजन उतरवायला सांगणं, जेवण-पाणी बंद ठेवणं, हे वाढत्या मुलाच्या बाबतीत सरळ नाकारावं. वरच्या वजनगटात खेळून हरलं तरी चालेल.

ड्रेस सुरुवातीला एक माप मोठा घेतला तर चालतो, पण पँटचा पाय घोट्याच्या खाली लोंबू नये, मूल त्यात अडकून पडतं. सुती ड्रेस पहिल्यांदा गार पाण्यात धुवा, गरम पाण्यात आटतो. प्रत्येक तासानंतर धुवायला हवाच: मॅटवर अंगाला अंग लागतं आणि नायटा एका मुलाकडून सगळ्या वर्गात जातो. गोल, लालसर, कडेला खवले असलेला चट्टा दिसला तर उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मॅटवर नाही.

घरी दहा मिनिटांचा सराव पुरे: काताची एक फेरी, एका पायावर ३० सेकंद उभं राहणं डोळे उघडे आणि मग मिटून, भिंतीला धरून टाच फिरवणं. पडण्याचा सराव घरच्या फरशीवर अजिबात नाही, आणि पाहुण्यांसमोर ‘करून दाखव’ही नको, कारण तेव्हा अंग तापलेलं नसतं आणि मूल नेहमीपेक्षा उंच किक मारायला जातं. फी शक्यतो महिन्याची किंवा तिमाहीची भरा. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम घेऊन ब्लॅक बेल्टची हमी देणाऱ्या करारावर सही करू नका. मूल चार महिन्यांनी दुसऱ्या खेळाकडे वळण्याची शक्यता या वयात भरपूर असते, आणि वळलं तरी शिकलेला तोल आणि पडणं त्याच्या कामी येतंच.